वाचकांचे प्रश्न : रोजच्या बोलण्यातले इंग्रजी

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये व्याकरणाचे प्रश्न थोडे आणि बोलण्याचे प्रश्न पुष्कळ आहेत. पत्रलेखकांपैकी बहुतेकांना इंग्रजी वाचता येते आणि कामापुरते लिहिताही येते. अडते ते समोरच्या माणसाला चटकन दोन वाक्यांत उत्तर देताना. त्यातली काही पत्रे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. नावे मुद्दाम गाळली आहेत.

मी ४३ वर्षांचा असून नांदेडजवळच्या एका पतसंस्थेत काम करतो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. गेली दोन वर्षे मी शब्दकोशातले दहा शब्द रोज अर्थासह वहीत उतरवतो. चार वह्या भरल्या, पण बोलायची वेळ आली की त्यातला एकही शब्द तोंडात येत नाही. माझी स्मरणशक्ती कमी पडते का?

तुमची स्मरणशक्ती मुळीच कमी पडत नाही, आणि दोन वर्षे नेमाने वही लिहिणाऱ्या माणसाने स्वतःला दोष देण्याचे काही कारण नाही. रोज दहा या हिशेबाने तुम्ही सात हजारांहून अधिक शब्द उतरवले आहेत. रोजच्या बोलण्याला त्याच्या निम्मेही लागत नाहीत. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ १९२० च्या दशकात ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करत होते. बंगाली मुलांच्या हातातली इंग्रजी पुस्तके क्वचितच भेटणाऱ्या शब्दांनी भरलेली आहेत आणि त्यामुळे मुले पहिल्या पानावरच अडखळतात, हे त्यांनी जवळून पाहिले. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. साध्या इंग्रजी मजकुरातल्या दर शंभर शब्दांपैकी ऐंशीच्या आसपास शब्द त्या यादीतले निघतात. ती यादी पाहिलीत तर 'हॅव', 'टेक', 'मेक', 'कीप', 'टर्न' हे शब्द वाचून तुम्ही म्हणाल की हे तर मला पाचवीपासून येतात. माझा अनुभव असा आहे की यांचा पहिला अर्थ तेवढा आपल्याला येतो, आणि बोलताना बहुतेक वेळा लागतात ते बाकीचे अर्थ.

शब्द एकटा पाठ केला की तो एकटाच राहतो. मराठीत आपण चूक करतो आणि गृहपाठही करतो, पण इंग्रजीत 'मेक अ मिस्टेक' होते आणि 'डू होमवर्क' होते. आपण फोटो काढतो, इंग्रजी माणूस तो 'टेक' करतो. आपल्याला स्वप्न पडते, त्याला स्वप्न 'हॅव' होते. आपण दिवा बंद करतो, आणि 'बंद'चा अर्थ शब्दकोशात 'क्लोज' असा पाहून 'क्लोज द लाइट' म्हणतो. तेथे मात्र दरवाजा 'क्लोज' होतो आणि दिवा 'टर्न ऑफ' होतो. 'माझे डोके दुखते आहे' याचे शब्दाला शब्द लावून 'माय हेड इज पेनिंग' तयार होते, पण त्याची घडलेली रूढ जोडी 'आय हॅव अ हेडेक' अशी आहे. तेव्हा वहीची मांडणी बदला. डाव्या पानावर तुम्ही पतसंस्थेत दिवसभर जी वाक्ये मराठीत बोलता ती जशीच्या तशी लिहा : 'साहेब जेवायला गेलेत', 'येथे सही राहिली', 'व्याज पुढच्या सोमवारी जमा होईल', 'सुटे आहेत का?' उजव्या पानावर त्यांची पूर्ण इंग्रजी वाक्ये लिहा : 'ही इज ॲट लंच', 'यू हॅवन्ट साइन्ड हिअर', 'द इंटरेस्ट विल बी क्रेडिटेड नेक्स्ट मंडे', 'डू यू हॅव चेंज?' दिवसाला तीन वाक्ये पुरेत. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून १८८५ मध्ये दाखवून दिले की नव्या गोष्टीचे विस्मरण पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सर्वांत वेगाने होते आणि नंतर मंदावते. म्हणून आज लिहिलेली तीन वाक्ये आज रात्री, उद्या, चार दिवसांनी आणि मग पंधरवड्याने, उजवे पान हाताने झाकून, मोठ्याने म्हणा. मनात वाचलेले वाक्य जिभेला वळण लावत नाही.

मी इचलकरंजीच्या महाविद्यालयात शिकते. शब्दकोशात 'गेट' या एका शब्दाला दीड पान दिले आहे. त्याच्यापुढे 'अप', 'ऑन', 'ओव्हर', 'थ्रू' लागले की अर्थ पुन्हा बदलतो. हे सगळे पाठ कसे करायचे?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मला उत्तर द्यायला आवडतो, कारण त्याचे उत्तर तुमच्याच घरात आहे. 'लागणे' हे आपले क्रियापद घ्या. आपल्याला भूक लागते, ठेच लागते, कामाला वेळ लागतो, गंजीला आग लागते, मुलगी नोकरीला लागते, झाडाला आंबे लागतात, दुपारी डोळा लागतो, वाटेत नदी लागते, आणि कुणाचे तरी बोलणे मनाला लागते. यातले काहीही तुम्हाला कुणी पाठ करायला लावले नव्हते. आजी 'भूक लागली का गं?' म्हणाली आणि समोर ताट आले, तेव्हा प्रसंगासकट ते तुमच्या अंगवळणी पडले. 'गेट' हे इंग्रजीचे 'लागणे' आहे. दोघांचे अर्थ जुळतात असे मी म्हणत नाही, पण भाषेत दोघांचे स्थान सारखे आहे. त्याच्या बहुतेक अर्थांच्या तळाशी एकच गोष्ट असते : मघाशी जे नव्हते ते आता झाले. 'आय गॉट अ जॉब' म्हणजे नोकरी नव्हती, ती मिळाली. 'इट इज गेटिंग डार्क' म्हणजे अंधार नव्हता, तो पडू लागला. 'वी गॉट होम ॲट नाइन' म्हणजे नऊला घरी पोहोचलो, 'ही गॉट अँग्री' म्हणजे तो रागावला, आणि 'आय डोन्ट गेट इट' म्हणजे अजून डोक्यात शिरले नाही. एवढी एक खूण धरली तर दीड पानातले पाऊण पान आपोआप उलगडते.

आता 'अप' आणि 'ऑन' यांचे. 'तो रागाच्या भरात बोलून गेला' या वाक्यात कुणीही कोठे गेलेले नाही. 'पत्र लिहून टाक', 'पत्र लिहून ठेव', 'पत्र लिहून बघ' आणि 'तो पत्र लिहून बसला' या चार वाक्यांत काम एकच आहे, लिहिण्याचे. 'टाक' म्हटले की ते एकदाचे हातावेगळे होते, 'ठेव' म्हटले की ते पुढच्या उपयोगाचे होते, 'बघ' म्हटले की तो प्रयत्न होतो, आणि 'बसला' म्हटले की नको ते झाल्याची खंत येते. ही छटा मराठी दुसऱ्या क्रियापदातून आणते आणि इंग्रजी ती एका छोट्या शब्दातून आणते. 'अप' पुष्कळदा काम पूर्ण करतो : 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, 'यूज अप' म्हणजे वापरून संपव. 'ऑन' पुष्कळदा काम चालू ठेवतो : 'गो ऑन', 'कॅरी ऑन', 'कीप ऑन'. सगळे या खुणांत बसत नाहीत. 'पुट अप विथ' म्हणजे खपवून घेणे, हे कोणत्याही खुणेवरून ओळखता येणार नाही, ते जसे आहे तसेच घ्यावे लागते.

सुरुवातीला दहाच घ्या आणि प्रत्येकाला घरातला एक प्रसंग जोडा. गॅस संपला की 'वी हॅव रन आउट ऑफ गॅस', सहल रद्द झाली की 'द ट्रिप वॉज कॉल्ड ऑफ', ती पुढे ढकलली की 'पुट ऑफ', धाकट्या भावाला सांभाळायचे असले की 'लुक आफ्टर', गाडीचे वेळापत्रक विचारून घ्यायचे असले की 'फाइंड आउट', पाहुणा न सांगता उगवला की 'टर्न्ड अप'. एक सूचना मात्र आधीच देते. भावाला शाळेतून आणायचे असेल तर 'पिक अप माय ब्रदर' चालते, पण भावाऐवजी सर्वनाम आले की ते मध्ये जाते आणि 'पिक हिम अप' होते. 'पिक अप हिम' कानाला खटकते.

मी मूळची सांगलीची. दीड वर्षापूर्वी यॉर्कशायरमधल्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू झाले. इंग्रजीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले होते. तरीही वरिष्ठांनी एकदा बाजूला घेऊन सांगितले की माझे बोलणे हुकूम दिल्यासारखे वाटते. मी तर प्रत्येक वाक्यात 'प्लीज' म्हणते. ते ऐकून मला फार वाईट वाटले.

वाईट वाटणे साहजिक आहे, कारण उद्धटपणा तुमच्या स्वभावात नाही आणि तुमच्या मराठीतही नाही. फरक दोन भाषांच्या ठेवणीत आहे आणि तो परीक्षेच्या अभ्यासक्रमात सहसा सांगितला जात नाही.

मराठीत आदर क्रियापदाच्या टोकाला असतो. 'दे' आणि 'द्या', 'बस', 'बसा' आणि 'बसावे', 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतून कोण कुणाशी बोलते आहे हे ऐकणाऱ्याला कळते. 'डॉक्टर, जरा तो कागद द्या' हे मराठीत पूर्ण सभ्य वाक्य आहे, कारण 'द्या'ने मान दिलेला आहे. इंग्रजीत 'गिव्ह' लहान मुलालाही तोच आणि सासऱ्यांनाही तोच, आणि 'यू' सर्वांना एकच. टोकाला आदर ठेवायला जागाच उरलेली नाही. म्हणून इंग्रजीने तो वाक्याच्या सुरुवातीला आणला, आणि तोही प्रश्नाच्या व भूतकाळाच्या रूपात : 'कुड यू', 'वुड यू', 'आय वॉज वंडरिंग इफ'. 'द्या'चे 'गिव्ह' केले की मराठीतला मान वाटेतच गळून पडतो आणि पलीकडे नुसती आज्ञा पोहोचते. तिला 'प्लीज' जोडले तरी ती आज्ञाच राहते. 'प्लीज ब्रिंग द चार्ट' हे तेथील सहकाऱ्याला 'तक्ता आण हं' असे ऐकू येते. 'कुड यू ब्रिंग मी द चार्ट व्हेन यू हॅव अ मिनिट?' म्हणा. भूतकाळ कशाला, असे वाटले तर आपलेच वाक्य आठवा : 'मला जरा विचारायचे होते.' विचारायचे आता असते, तरी आपण 'होते' म्हणतो आणि विनंती अर्धे पाऊल मागे उभी करतो. इंग्रजी तेच करते, फक्त पदोपदी करते.

'वुड यू माइंड' जपून वापरा आणि जपूनच उत्तर द्या. त्याचा शब्दशः अर्थ 'तुमची हरकत आहे का' असा असल्यामुळे होकार द्यायचा तर 'नॉट ॲट ऑल' म्हणावे लागते. 'आय ॲम अफ्रेड'ने दचकू नका. 'आय ॲम अफ्रेड द डॉक्टर हॅज लेफ्ट' म्हणणाऱ्याला कसलीही भीती वाटलेली नसते, तो 'दिलगीर आहे, डॉक्टर गेले' एवढेच सांगत असतो. दारात कुणी 'यू ऑल राइट?' म्हटले तर चेहरा उतरला आहे की काय असे मनात आणू नका. आपल्याकडे ओळखीचा माणूस 'काय, जेवण झाले का?' म्हणतो आणि उत्तराची वाट पाहत नाही, तसेच ते आहे. 'येस थँक्स, यू?' एवढे पुरते. आणि आभार मोकळ्या हाताने माना. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला म्हणून आपण तिचे आभार मानत नाही, मानले तर तिला परके वाटेल. तेथे मात्र दार धरणाऱ्याचेही आभार मानले जातात, आणि न मानणारा माणूस चटकन नजरेत भरतो.

तुमच्या कामात रोज उपयोगी पडेल असेही थोडे सांगते. रुग्ण 'आय वॉज सिक इन द नाइट' म्हणाला तर ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ बहुधा रात्री उलटी झाली असा असतो. नुसते बरे नसेल तर तुमच्या भागातला माणूस 'आय फील पूर्ली' म्हणेल. 'आय हॅवन्ट हॅड माय टी' म्हणणाऱ्या आजींना चहाचा कप नेऊन देऊ नका. इंग्लंडच्या उत्तर भागात पुष्कळ घरांत संध्याकाळच्या जेवणालाच 'टी' म्हणतात, आणि औषध जेवणानंतरचे असेल तर हे कळणे महत्त्वाचे आहे. एखादे वयस्कर रुग्ण 'आय नीड टू स्पेंड अ पेनी' म्हणाले तर त्यांना स्वच्छतागृहात जायचे आहे. तेथील सार्वजनिक शौचालयांच्या दाराला पूर्वी एक पेनी टाकावी लागे, त्यावरून तो प्रयोग आला. रुग्णाला पलंगावर चढायला सांगताना तुमच्या सहकारी 'कॅन यू पॉप अप ऑन द बेड फॉर मी?' म्हणतात तेही ऐकून ठेवा. त्यातला 'पॉप' काम हलके करतो आणि 'फॉर मी' त्यात आपुलकी आणतो. मराठीत 'जरा' आणि 'हं' जे करतात तेच हे दोन शब्द करतात. सांगलीच्या रुग्णाला 'जरा बाही वर करता का हं?' असे तुम्ही ज्या स्वरात विचारत होतात तो स्वर तुमच्यापाशी आहेच. वरिष्ठांनी सांगितले ते मनाला लावून घेऊ नका, कानात ठेवा.

मी संगमनेरचा निवृत्त शिक्षक आहे, वय ६८. मुलीकडे न्यू जर्सीला गेलो असताना दवाखान्यात मला विचारले, 'सो यू आर नॉट ॲलर्जिक टू पेनिसिलिन?' मी 'येस' म्हणालो. त्यांनी कागदावर मला पेनिसिलिन सोसत नाही असे लिहून टाकले. मुलीने वेळेवर दुरुस्त केले. मी काय चुकीचे बोललो?

मराठीच्या दृष्टीने तुमचे उत्तर बिनचूक होते. 'आज शाळा नाही?' असे कुणी विचारले आणि शाळा खरोखरच नसली तर आपण 'हो, नाही' म्हणतो. आपला 'हो' विचारणाऱ्याच्या समजुतीला दुजोरा देतो : तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. इंग्रजीचा 'येस' विचारणाऱ्याकडे पाहतच नाही. तो वस्तुस्थितीकडे पाहतो आणि पुढच्या क्रियापदाशी बांधलेला असतो. प्रश्न होकारार्थी असो की नकारार्थी, गोष्ट असेल तर 'येस, आय ॲम', नसेल तर 'नो, आय ॲम नॉट'. 'येस, आय ॲम नॉट' अशी जोडी इंग्रजीत बसत नाही, त्यामुळे नुसता 'येस' ऐकला की ऐकणारा उरलेले 'आय ॲम' स्वतःच भरतो. तुमच्या बाबतीत तेच घडले.

चहात साखर नको असण्यापर्यंत ही चूक किरकोळ आहे. दवाखान्यात, विमानतळावरच्या तपासणीत किंवा बँकेत ती किरकोळ राहत नाही. म्हणून अशा ठिकाणी एकाक्षरी उत्तर कधीही देऊ नका. 'येस' आणि 'नो' दोन्ही बाजूला ठेवून सरळ विधान करा : 'आय कॅन टेक पेनिसिलिन', 'आय हॅव नो ॲलर्जीज'. औषधांची आणि न सोसणाऱ्या गोष्टींची नावे एका कागदावर लिहून खिशात ठेवलीत तर आणखी चांगले. वयस्कर वाचकांनी हे एक उत्तर कापून ठेवावे अशी माझी विनंती आहे.

पुण्यातल्या माझ्या कार्यालयात 'प्रीपोन', 'आउट ऑफ स्टेशन', 'डू द नीडफुल' हे सर्रास चालते. परदेशी सहकारी हसतात. ही चुकीची इंग्रजी आहे का?

नाही, ती भारतातली इंग्रजी आहे, आणि भारतात ती सर्वांना कळते. 'पोस्टपोन'च्या उलट अर्थाचा सुटसुटीत शब्द इंग्रजीत नव्हता, तो आपण घडवला, आणि 'प्रीपोन' आज ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. 'स्टेशन' म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याच्या नेमणुकीचे ठिकाण. त्या काळातला 'आउट ऑफ स्टेशन' आपल्याकडे टिकून राहिला. 'डू द नीडफुल' तर एके काळी इंग्लंडातही रूढ होते. या शब्दांची लाज बाळगू नका. मात्र कुणाशी बोलतो आहोत ते पाहा, कारण काही शब्दांचा परक्या कानाला वेगळाच अर्थ लागतो. 'आय पास्ट आउट इन २०१९' म्हणजे त्याच्या लेखी तुम्ही २०१९ मध्ये बेशुद्ध पडलात, म्हणून 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'आय हॅव अ डाउट' म्हणजे तुमचा त्याच्या सांगण्यावर विश्वास नाही. मराठीत शंका विचारताही येते आणि घेताही येते. 'डाउट' ही फक्त घ्यायची शंका आहे, विचारायची असली तर 'क्वेश्चन' म्हणा. 'आय विल रिव्हर्ट' ऐवजी 'आय विल गेट बॅक टू यू' बरे, आणि 'ट्वेन्टी लॅक्स' ऐवजी 'टू मिलियन'. 'कझिन ब्रदर' आपल्या तोंडून सुटत नाही, कारण चुलत, आते, मामे, मावस ही नाती आपल्याला भावाबहिणीचीच वाटतात. इंग्रजी 'कझिन'मध्ये ती सगळी विरघळून जातात. ही त्या भाषेची उणीव आहे, तुमची नव्हे.

'द्रौपदी मुर्मू या भारताच्या कितव्या राष्ट्रपती?' याचे इंग्रजी भाषांतर कसे करावे?

'कितवा'ला इंग्रजीत एक शब्द नाही. 'हाउ मेनी प्रेसिडेंट्स केम बिफोर हर?' असे विचारावे लागते, आणि उत्तरात आलेल्या चौदामध्ये एक मिळवावा लागतो. 'तू घरात कितवा?' यासाठी 'आर यू द एल्डेस्ट?' ने सुरुवात करणे सर्वांत सोपे. 'हाउ मेनिएथ' कुणी म्हणत नाही, आपणही म्हणू नये.

रत्नागिरीहून एक पालक विचारतात : मुलाचे शब्द आणि व्याकरण बरोबर असते, तरी फोनवर परदेशी माणसाला त्याचे बोलणे कळत नाही.

बहुधा आघात चुकत असावा. मराठी बोलताना आपण शब्दातल्या प्रत्येक अक्षराला जवळपास सारखे माप देतो. इंग्रजी एका अक्षरावर भार देते आणि बाकीची जवळजवळ गिळते. 'फोटोग्राफ'मध्ये भार पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर आणि 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर असतो. भार सरकला की ऐकणाऱ्याला शब्द ओळखू येत नाही. 'कम्फर्टेबल' प्रत्यक्षात 'कम्फ्टबल'सारखा आणि 'वेडनेसडे' 'वेन्झडे'सारखा उच्चारला जातो. नवा शब्द शिकताना भाराच्या अक्षरावर टाळी वाजवायची सवय मुलाला लावा. दुसरी गोष्ट 'व' आणि 'व्ह' यांची. 'वेस्ट' म्हणताना ओठांचा चंबू होतो, 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आपला 'व' या दोहोंच्या मध्ये पडतो. 'पेन' आणि 'पॅन' यांतला फरक मात्र मराठी मुलाला लिपीच दाखवून देते. त्यासाठी घेतलेली 'ॲ' आणि 'ऑ'ची चंद्रकोर आपल्या फार उपयोगाची आहे.

मी वाईची, वय ६१. माझा नातू टेक्सासमध्ये आहे, सहा वर्षांचा. त्याला मराठी समजते पण तो इंग्रजीतच बोलतो. रविवारी व्हिडिओ कॉलवर 'हाउ आर यू'च्या पुढे माझी गाडी जात नाही. या वयात कोठून सुरुवात करू?

'हाउ आर यू'ला मूल 'गुड' म्हणते आणि संभाषण तेथेच थांबते, मग आजीची इंग्रजी कितीही चांगली असो. त्याच्या हातात त्या वेळी जे असेल त्याच्याबद्दल विचारा. 'वॉट आर यू मेकिंग?', 'कॅन यू शो मी?', 'हू डिड यू प्ले विथ टुडे?', 'वॉट डिड यू हॅव फॉर लंच?' ही चार वाक्ये या आठवड्यात तोंडपाठ करा. तो भराभरा बोलला आणि कळले नाही तर 'से दॅट अगेन, स्लोली' म्हणा. लहान मुलांना मोठ्यांना शिकवायला आवडते, तो आनंदाने पुन्हा सांगेल. कौतुकासाठी रोज 'व्हेरी गुड' नको, 'यू मेड दॅट ऑल बाय युअरसेल्फ?' म्हणून पाहा. कॉल संपताना आपण 'येते हं' म्हणतो, त्याचे 'आय कम' करू नका, ते ऐकून तो वाट पाहत बसेल. 'सी यू नेक्स्ट संडे' म्हणा.

तुम्ही इंग्रजीकडे दोन पावले टाकाल तेव्हा त्यालाही मराठीकडे एक पाऊल टाकू द्या. त्याला मराठी कळते आहे, म्हणजे अर्धे काम झालेले आहे. त्याने खिडकीतली खार दाखवली तर 'वी कॉल इट खार' असे सांगून त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या. मुंगसाची गोष्ट सांगायची असेल तर 'मंगूस' म्हणा आणि हा इंग्रजी शब्द आपल्या मराठीतूनच तिकडे गेला हेही सांगा. गोष्ट रंगात आली की मध्येच थांबून 'अँड देन वॉट हॅपन्ड?' असे त्याला विचारा, आणि पुढचे त्याला सांगू द्या.